चौथी नळी

पहिली नळी साखर आणि प्रथिनांची.
दुसरी जंतूंची.
तिसरी पेशी मोजायला.
चौथी पुण्याला जाणार,
मेंदूचं किती तुटलं ते विचारायला.

भार्गवी बोद्धूल, वय सहा, विडी घरकुल.
दोन दिवस ताप, मग झटके,
मग अशी झोप
की हाक तिच्यापर्यंत जायची
आणि दाराशीच उभी राहायची.

डॉ. हत्तुरे म्हणाले, कुशीवर घ्या, गुडघे पोटाशी.
झुलेखा सिस्टरनं तिला विड्यांच्या कट्ट्यासारखं आवळून धरलं.
कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई आत गेली
आणि पाणी आलं.
थेंब.
थेंब.
स्वच्छ. इतकं स्वच्छ की मला राग आला.
गढूळ असतं तर
निदान कशाला तरी दोष देता आला असता.

संमतीच्या कागदावर आईचा अंगठा हवा होता.
शाईआधीच त्यावर तंबाखूचा थर,
रोज हजार विड्या वळणारं बोट,
रेषा उमटेनात.
तीनदा घेतला.
तिसऱ्यांदा ती म्हणाली, त्रेसष्ट.
काय त्रेसष्ट?
थेंब ओ. मोजायची सवय हाय मला.
एवढं पाणी काढलाव, आता परत भरणार कसं?

भरतं आपोआप, मी म्हटलं.
डोक्याच्या आतच तयार होतं.
दिवसातून तीन-चारदा सगळं नवं होतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली.
त्यांच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला.

बाहेर त्रेचाळीस, फ्रीझरमध्ये उणे ऐंशी.
नळीवर नाव लिहायचं नाही, नियम आहे.
क्रमांक एकोणीस.
लाइट गेली की जनरेटर घुरघुरेपर्यंत
मी त्या दाराला पाठ लावून उभी राहायचे,
जणू माझ्या पाठीनं
गारवा आत राहणार होता.

टाऊ. न्यूरोफिलामेंट.
प्रशिक्षणात स्पेलिंग शिकवलं, अर्थ नाही.
अर्थ मला अप्पांकडून आला.
तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात होते,
पाळी संपली की मागाखालचा कचरा झाडायचे
आणि सुपातला सुताचा भुगा बघून सांगायचे,
आज एवढे धागे तुटले.
चादरीकडे बघायचेसुद्धा नाहीत.
तसंच हे. आतला धागा आतच असायला हवा.
पाण्यात सापडला, म्हणजे कुठेतरी पेशी फाटली.
कुठे, ते भुगा सांगत नाही.
कुठलं फूल उसवलं,
कुठल्या किनारीतून दोरा गेला,
त्यासाठी चादर उलगडावी लागते,
आणि चादर तर तिथे
सहा नंबरच्या खाटेवर
डोळे मिटून.

नवव्या दिवशी तिनं डोळे उघडले.
पहिला शब्द, नीळ्ळु.
पाणी.
आईनं चमच्यानं दिलं.
तिनं ते बराच वेळ तोंडात धरून ठेवलं,
गिळायचं असतं हे आठवेपर्यंत.
सिस्टर वळून सलाईन बघू लागली,
सलाईन नीट चालू होतं.

रिपोर्ट आला सव्वीस दिवसांनी.
तोवर ती घरी गेली होती.
आकडा मोठा होता.
डॉक्टरांनी वाचला, घडी घातली,
परत उघडून वाचला.
म्हणाले, बुधवारी येणार आहे ना ती.
बघू.

बुधवारी आली.
डाव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती,
आई दर वेळी वाकून घालत होती,
न चिडता, मोजल्यासारखी.
मला बघून थांबली.
भरलं का ओ, ते पाणी?
भरलं, मी म्हटलं. कधीच भरलं.
मग मराठी कुठं गेलं हिचं?
शाळेत सगळं म्हणत होती की.

माझ्या खिशात तो कागद नव्हता,
असता तरी त्यात हे लिहिलेलं नव्हतं.

भार्गवी खिडकीपाशी उभी राहून
गजांवर बोट ठेवत होती.
ओकटी. रेंडू. मूडू.
मूडू.
बोट पुढच्या गजावर गेलं, थांबलं,
आणि परत
पहिल्यावर आलं.